हजाराव्या दिवसाच्या आधी

पोनिरा साठीला आली होती आणि तिनं आजवर कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. तसं त्या गावात कुणीच म्हणत नाही. शेजारणीनं भर कामात बोलावलं तर 'हो, येते की' म्हणायचं आणि जायचं नाही. शेजारीणही मग वाट बघत बसत नाही, कारण हा 'हो' कसला आहे ते तिला ऐकतानाच कळलेलं असतं. तोंडावर नकार देणं म्हणजे दारात आलेल्या माणसावर खरकटं पाणी फेकणं, असं तिथल्या पोरांना चालायला लागल्यापासून शिकवतात. पोनिरा तर ह्या विद्येत गावात पहिली. मान जराशी खाली, ओठांवर हसू, आवाज मऊ, आणि 'हो'. तिच्यामुळे कुणाचं मन कधी दुखावलं नाही, अशी तिची ख्याती होती.

इमोगिरीच्या टेकडीखालच्या त्या गावात ती आणि तिचा नवरा तुकिजो तेम्पे करून विकत. सोयाबीन भिजवायचं, सालं काढायची, शिजवून विरजण लावायचं आणि केळीच्या पानात पुड्या बांधायच्या. दोन दिवसांत आत पांढरीशुभ्र वडी धरते. तीस वर्षांचा हात बसलेला. पण गेल्या वर्षभरात तो हात फिरला म्हणा. पुडी सोडावी तर वडी काळी, नाहीतर आंबूस वासाची. इकडे पोनिराचं पोट दुखे, घास घशाखाली उतरत नसे, डोळ्याला डोळा लागत नसे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. काही निघालं नाही.

"बू, घरात काही झालंय का?" त्यांनी विचारलं. तिथे वडीलधाऱ्या बाईला बू म्हणतात आणि वडीलधाऱ्या पुरुषाला पाक.

"मुलगी गेली," पोनिरा हसून म्हणाली. वाईट बातमी हसूनच सांगायची, ऐकणाऱ्यावर ओझं टाकायचं नाही. "अडीच वर्षं होऊन गेली. अजून दहा आठवड्यांनी हजारावा दिवस येईल."

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहिलं आणि तिला दात काढायची खोली आणि लस टोचायची खोली ह्यांच्या मधल्या खोलीत पाठवलं. दारावर 'मानसोपचार' अशी पाटी होती. म्हणजे मला वेड लागलं म्हणायचं! पोनिराच्या मनात आलं. तोंडानं ती 'हो, हो' म्हणाली आणि आत जाऊन बसली.

आत हेस्ती नावाची तिशीची पोर होती. निळा रुमाल डोक्याला, चेहरा साधा, टेबलावर पाण्याचे दोन पेले. तिनं आधी एक पेला पोनिरापुढे सरकवला.

"बसा बू. घाई नाही. सुरुवातीला थोडं मीच बोलते. तुम्ही इथे जे सांगाल ते ह्या खोलीबाहेर जाणार नाही. तुमच्या घरच्यांना नाही, गावात नाही. डॉक्टरीणबाईंनासुद्धा तुम्हाला विचारल्याशिवाय नाही. एक गोष्ट फक्त वेगळी. तुमच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतेल असं काही असलं, तर मला कुणालातरी सांगावं लागेल. तेही आधी तुम्हाला सांगून."

"हो."

"इथे काय करायचं ते आपण दोघींनी मिळून ठरवायचं. माझं एखादं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगायचं. नको वाटलं तर थांबायचं. माझ्याशी सूर जुळत नाही असं वाटलं तर मी दुसरं चांगलं माणूस शोधून देईन. राग मानणार नाही."

"हो, हो."

"आणि बू, कधी मरून जावंसं वाटतं का? सगळ्यांनाच विचारते मी."

"छे हो म्बाक! मग तेम्पे कोण करणार?"

तिथल्या तरण्या बायकांना ताई म्हणावं तसं म्बाक म्हणतात. हे उत्तर मात्र पोनिरानं खरं दिलं होतं. बाकी तिला त्या पोरीची गंमत वाटत होती. कुठला वैद्य रोग्याला विचारतो, की बाई गं, तुला कुठला काढा देऊ? ह्या पोरीला काही येतं की नाही? मग हेस्तीनं एक कागद दिला, आत्ता सांगितलं ते सगळं त्यावर लिहिलेलं, नीट वाचून सही करा म्हणाली. पोनिराचा चष्मा पिशवीत होता. तिनं तो काढला नाही. समोरच्यानं कागद दिल्यावर वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. तिनं सही ठोकून दिली आणि आपली प्रत पिशवीत टाकली.

उठताना तिनं तेम्पेच्या चार पुड्या टेबलावर ठेवल्या.

"अहो बू, मला असं घेता येत नाही. नियम आहे आमचा."

"हो हो," म्हणत पोनिरा पुड्या तिथेच ठेवून निघून गेली. घ्या आता!

पोनिराच्या पोटात काय दुखत होतं ते आता सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मुर्नी ही एकुलती एक लेक. दूर सेमारांग शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती, तिथेच खोली घेऊन राहायची. दोन महिन्यांनी कायम होणार होती. त्या वर्षी रमजान लागायच्या आधीच्या आठवड्यात शेजारी लग्न होतं आणि गावातल्या साऱ्या बायका मांडवाच्या स्वयंपाकाला जुंपल्या होत्या. घरात एकच फोन, तो त्या दिवशी पोनिराच्या कमरेला. तो वाजला तेव्हा तिचे दोन्ही हात नारळाच्या खोबऱ्यात होते. खांद्याशी फोन धरून ती बोलली. मुर्नी म्हणाली, आई, अंगात ताप आहे, चार दिवस घरी येऊ का? आजूबाजूला पंधरा बायका बसलेल्या. सुट्टी नसताना पोर घरी आली तर ह्या काय काय विचारतील, हेच पोनिराच्या मनात पहिल्यांदा आलं. हेच, दुसरं काही नाही. ती म्हणाली, आता ईदेला पाच आठवडे तर राहिलेत, तोवर कळ काढ. आणि मुर्नी 'हो' म्हणाली.

पाचव्या दिवशी कारखान्याच्या गाडीतून तिला कफनात गुंडाळून आणलं. डेंग्यू. खोलीतल्या मुली म्हणाल्या, तिनं कुणाला काही सांगितलंच नाही.

तिनं कुणाला सांगितलंच नाही. तुकिजोनं हे वाक्य धरलं ते धरलंच. कारण त्याच्या आदल्या महिन्यात मुर्नी घरी आली होती तेव्हा तो तिच्यावर ओरडला होता, सारखी सारखी काय पळून येतेस म्हणून. म्हाताऱ्याच्या डोक्यात एकच बसलं. पोर मला भ्यायली. मला भिऊन तिनं फोन केला नाही, आणि मला भिऊन मेली. तेव्हापासून दर गुरुवारी दुपार कलली की तो पानात फुलं घेऊन कबरीवर जाई आणि तिथे बसून माफी मागे. परत आला की त्याचे डोळे लाल असत. पोनिरा त्याच्यापुढे चहा ठेवी. एक शब्द बोलत नसे.

अडीच वर्षं! दर गुरुवारी! आणि ती स्वतः कबरीकडे एकदासुद्धा फिरकली नव्हती. गाव म्हणे, आईचं काळीज, बघवत नाही हो तिला. बघवत नव्हतं हे खरंच. पण कशामुळे ते गावाला ठाऊक नव्हतं.

आणि आता हजारावा दिवस येत होता. तोवर कबरीवर नुसती लाकडी खूण असते. हजाराव्या दिवशी गाव जेवतं, दुवा मागतात, आणि मग कबरीवर दगड बसवतात. जीव सुटला, घरच्यांनीही सोडावं. तुकिजोनं दगड घडवायला दिला होता. पोनिराला एकच दिसत होतं. एकदा दगड बसला की बसला. त्याच्या आधी नवऱ्याला सांगितलं तर सांगितलं, नाहीतर तो हे पाप आपलं समजूनच त्या कबरीशेजारी आडवा होईल. आणि सांगायला तर तोंड उघडत नव्हतं.

हेस्तीला तिनं ह्यातलं काही सांगितलं नाही. मुलगी गेली, झोप येत नाही, कबरीवर जाववत नाही, एवढंच. दुसऱ्या खेपेला हेस्ती म्हणाली, "बू, मला एक सुचतंय. हजाराव्या दिवसापर्यंत तुम्हाला कबरीपर्यंत जाता यावं, असं आपण ठरवूया का? एकदम नाही. एक आठवडा गल्लीच्या टोकापर्यंत. मग कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत. तुम्हाला चालेल?"

"हो."

"नक्की ना?"

"हो हो, चालेल की."

तिला नको होतं. अगदी नको होतं. पण पोर इतकी मनापासून बोलत होती! पुढच्या आठवड्यात हेस्तीनं विचारलं, "गेला होता का टोकापर्यंत?" आणि पोनिरा म्हणाली, हो, गेले होते. हेस्तीचा चेहरा उजळला. मग काय! पुढच्या आठवड्यात पोनिरा फाटकापर्यंत 'जाऊन आली'. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिनं फाटकाशी पडलेल्या चाफ्याच्या फुलांचंसुद्धा वर्णन केलं. कब्रस्तानात चाफा असतोच, त्याला जाऊन बघायला कशाला पाहिजे? गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा ती गेली नव्हती. घरी पोट पहिल्यापेक्षा जास्त दुखत होतं. एका रात्रीत चाळीस पुड्या काळ्या पडल्या त्या तिनं गुपचूप कोंबड्यांना घातल्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही, आणि पोनिरानं तर जन्मभर भिडेचंच खाल्लं होतं.

पाचव्या आठवड्यात तुकिजो दवाखान्यात जाऊन धडकला. बायकोला न विचारता. घरी आला तो तणतणत.

"तुझी ती पोर म्हणजे दगड आहे दगड! मी म्हटलं, मी नवरा आहे तिचा, काय म्हणते ती तुमच्यापाशी, एवढं सांगा. तर म्हणते, पाक, कोण येतं आणि काय बोलतं हे मी कुणालाच सांगत नाही. पाणी दिलं, बसवलं, गोड बोलली, आणि हात हलवत परत पाठवलं."

"काहीच नाही सांगितलं?"

"म्हणाली, तुम्हाला काळजी वाटते ना, मग घरी त्यांनाच विचारा. आता तुला काय विचारू? तू तर सगळ्याला हो म्हणतेस."

पोनिरा चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. त्या गावात एक गोष्ट सकाळी बाजारात बोललं की दुपारी ती मशिदीच्या पायरीवर ऐकू येते. नवरा समोर उभा राहून विचारतो, वयानं बापासारखा, आणि ती पोर सांगत नाही? पहिल्या दिवशी बोलली होती ते खरंच होतं म्हणायचं. पोनिरानं पेटीतून तो सहीचा कागद काढला, चष्मा लावला आणि पहिल्यांदा वाचला. प्रत्येक ओळ बोटानं. 'पटलं नाही तर सांगावे' ह्या ओळीपाशी बोट बराच वेळ राहिलं.

पुढच्या खेपेला ती खोलीत शिरली ती उभीच राहिली.

"म्बाक, मी फाटकापर्यंत गेले नाही. टोकापर्यंतही गेले नाही. एकदापण नाही. चाफा मी खोटाच सांगितला."

आता पोर रागावेल. एवढं शिकलेलं माणूस, महिनाभर फसवलं त्याला. पोनिरानं मान खाली घातली. मग हळूच वर पाहिलं. हेस्तीचे कान लाल झाले होते.

"बू, चूक माझी झाली."

"अगं बाई! तुमची कशी?"

"मीच ठरवलं आणि तुम्हाला नुसतं 'चालेल का' विचारलं. आपल्याकडे 'चालेल का' म्हटल्यावर नाही कोण म्हणतं? मी काय परदेशातून आलेय? माझी आजी अशीच होती. न आवडणारी भाजी आयुष्यभर हो हो म्हणत खाल्ली तिनं माझ्या आईच्या हातची. मला कळायला हवं होतं. मला माफ करा. आणि बू, एखाद्या वयानं मोठ्या बाईंशी बोलणं तुम्हाला सोपं जात असेल तर शहरात आहेत एक, खूप चांगल्या. मी स्वतः बोलून देईन त्यांच्याशी."

डॉक्टर, मास्तर, सरपंच, कारखान्याचा साहेब, कुठल्या शिकलेल्या माणसानं पोनिराची माफी म्हणून मागितली नव्हती. पोर मेली तेव्हा कारखान्यानं फुलांचं चक्र पाठवलं होतं, माफी नाही. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दुसरी नको," ती म्हणाली. मग आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

हेस्ती हसली. "हा नकार मी जपून ठेवणार आहे. पण पुढचे नकार कसे कळायचे मला? तोंडानं तुम्ही म्हणणार नाही."

दोघी विचार करत बसल्या. शेवटी सुचलं ते पोनिरालाच. तिच्या पिशवीच्या तळाशी नेहमी सोयाबीनचे दाणे सांडलेले असत. तिनं मूठभर वेचून टेबलावर ठेवले. "मी तोंडानं हो म्हणेन. ते सुटायचं नाही आता. पण मनात नसलं तर एक दाणा तुमच्याकडे सरकवीन. तो खरा."

"आणि मी दाण्याचंच ऐकेन," हेस्ती म्हणाली. "बरं, कबरीवर जायचं आपण ठरवलं होतं. ते ठेवायचं?"

"हो," पोनिरा म्हणाली. आणि दाणा सरकवला.

"मग काय ठरवूया? ह्या वेळी तुम्ही सांगा."

पोनिरा पाणी प्यायली. पेला ठेवला. आणि मग सांगितलं. लग्नाचा मांडव, खोबऱ्याचे हात, पंधरा बायका, फोन. तुकिजोचे गुरुवार. दगड. सांगताना ती हसली नाही, आणि आपण हसत नाही आहोत हे तिला कळतही नव्हतं.

"म्बाक, लोक म्हणतील तिला काय ठाऊक, एवढा ताप असेल म्हणून. पण मला ठाऊक होतं हो! ताप नव्हता ठाऊक. तिचा तो 'हो' ठाऊक होता. मीच शिकवला होता ना तिला. दोन वर्षांची होती तेव्हापासून. मान कशी करायची, आवाज कसा मऊ ठेवायचा. खोबरं खवताना मी ऐकलं आणि मला तेव्हाच कळलं, ही नाही म्हणते आहे. ही म्हणते आहे की आई, मला घ्यायला ये. कळलं, आणि मी फोन ठेवला."

ती रडली. चांगली मोठ्यानं रडली, शेजारच्या खोलीत लस टोचलेलं पोर रडत होतं त्याच्याहून मोठ्यानं. हेस्तीनं तिला गप्प केलं नाही. तुमची चूक नाही असंही म्हणाली नाही. पोनिराला वाटलं होतं ती म्हणेल. सगळे तेच म्हणतात. ती जवळ बसून राहिली, आणि तिचेही डोळे भरले होते.

मग डोळे पुसून पोनिरा म्हणाली, "तुम्हीच सांगाल का त्यांना? शिकलेल्या माणसाचं ऐकतात ते."

"तुमच्या वतीनं मी बोलणार नाही बू. हे तुमचं आहे. तुम्हाला हवं असेल तर त्यांना इथे बोलवा, तुम्ही सांगताना मी शेजारी बसेन. आणि सांगायचंच असंही नाही. न सांगता कसं जगायचं, त्यावरही आपण बोलू शकतो. घाईनं ठरवू नका."

"सांगितलं तर ते मला टाकतील का?"

"मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

पुढचे तीन आठवडे त्यांनी हेच केलं. हेस्ती विचारी, पोनिरा 'हो' म्हणे, आणि दाणे सांगत. त्यांना इथे बोलवायचं? दाणा सरकला. चिठ्ठी लिहायची? सरकला. घरी, जेवताना? सरकला. एकदा तर हेस्तीसमोर अकरा दाणे जमले आणि दोघी हसत सुटल्या. मग पोनिरा आपणहून म्हणाली, "तिथेच सांगते. कबरीवर. तिच्यासमोर." आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. दाण्यांना तिनं हात लावला नाही.

"मी इथेच असेन," हेस्ती म्हणाली. "काहीही झालं तरी मंगळवारी तुमची वेळ तुमचीच."

हजारावा दिवस रविवारी येत होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी तुकिजो पानात गुलाबाच्या पाकळ्या घेऊन निघाला, तेव्हा पोनिरा डोक्याला रुमाल बांधून त्याच्या मागे आली.

"कुठे?"

"तुमच्याबरोबर."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि चालू लागला. तो पुढे, ती चार पावलं मागे. गल्लीचं टोक गेलं. फाटक आलं. चाफा होता, पण खाली फुलं नव्हती. कुणीतरी झाडून नेली होती. लाकडी खुणेवरचं मुर्नीचं नाव पावसानं पुसट झालेलं. शेजारी नवा दगड आणून ठेवला होता. तुकिजोनं गवत उपटलं, पाकळ्या पसरल्या, उकिडवा बसला आणि नेहमीसारखं म्हणाला, "पोरी, बापाला माफ कर."

"थांबा," पोनिरा म्हणाली. "अहो, थांबा. माफी नका मागू."

तिनं सांगितलं. उभ्यानं, एका दमात. पोरीनं फोन केला होता. मी घेतला. ती येऊ का म्हणाली आणि मी येऊ नको म्हटलं. तुम्हाला भिऊन नाही मेली ती. तुमचं नावसुद्धा नव्हतं त्यात.

तुकिजोच्या हातात गवताची काडी होती, ती त्यानं तोडली, मग अर्धी तोडली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मी दर गुरुवारी इथे येऊन बसत होतो आणि तुला ठाऊक होतं?"

"हो."

तिनं मान खाली घातली नव्हती आणि हसलीही नव्हती. म्हाताऱ्यानं जन्मभर तिचे 'हो' ऐकले होते. असे दोन त्यानं कधी ऐकले नव्हते. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. पोनिराला वाटलं, आता उठेल, मारील, निघून जाईल. मारलं तरी बरं, असंही वाटलं. तो उठला नाही. चाफ्याची सावली कबरीवर आली.

"म्हणजे बोलली होती ती," तो शेवटी म्हणाला. आवाज घोगरा. "मला वाटत होतं तोंड मिटून गेली. काय म्हणाली? पहिल्यापासून सांग. एक शब्द गाळू नको."

पोनिरा त्याच्या शेजारी खाली बसली. "पहिल्यांदा म्हणाली, आई, बाबा जेवले का?"

"मग?"

"मी म्हटलं, जेवले."

"जेवलो होतो का मी तेव्हा?"

"दोनदा. मांडवात. नवरीकडच्यांच्या पंगतीलाही बसला होता तुम्ही."

तुकिजो हसला. हसता हसता त्याला रडू फुटलं आणि त्यानं मांडीवर मूठ आपटली. "बाबा जेवले का म्हणाली! अडीच वर्षं तू हे माझ्यापासून ठेवलंस, पोनिरा? हे सुद्धा?"

पोनिरानं मान डोलावली.

"पुढे?"

"पुढे म्हणाली, ताप आहे, चार दिवस येऊ का. मी म्हटलं, ईदेपर्यंत कळ काढ. ती 'हो' म्हणाली. बस."

"कशी म्हणाली?"

"अहो..."

"कशी म्हणाली ते म्हणून दाखव."

पोनिरानं डोळे मिटले. मान जराशी खाली केली. आणि अगदी मुर्नीच्या आवाजात, मऊ, शेवटाला किंचित लांबवून, ती म्हणाली, "हो, आई."

तुकिजोनं ते ऐकलं. तोही त्याच गावचा. त्याला ऐकताक्षणी कळलं की पोर नाही म्हणते आहे. त्यानं दोन्ही हातांनी लाकडी खूण धरली आणि तिच्यावर कपाळ टेकलं.

पोनिरानं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. हात उचलला होता, पण धीर झाला नाही. पानात थोड्या पाकळ्या उरल्या होत्या. मग त्यानं मान न वळवता ते पान तिच्याकडे सरकवलं, आणि तिनं त्या आपल्या हातानं लेकीवर टाकल्या.

घरी जाताना तो पुढे आणि ती मागेच होती. रविवारी गाव जेवलं, दुवा झाल्या, दगड बसला. तुकिजो ओसरीवरच्या बाकावर झोपायला लागला होता, आणि तो आत कधी येईल, येईल की नाही, हे पोनिराला ठाऊक नव्हतं. मंगळवारी ती दवाखान्यात निघाली तेव्हा तो बाकावर बसून केळीची पानं पुसत होता.

"तिथे चाललीस?" त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, हा कुठला 'हो' आहे ते बघत.

"जेवून जा," तो म्हणाला.